दुबुडी पातेल्याचा मुखबंद तह

नमन अग्नीस, नमन पाण्यास, आणि दोघांचा मार खाऊन ज्याने तोंडातून चकार शब्द काढिला नाही त्या तांब्यास त्रिवार नमन. शके सतराशे एकूणनव्वद, गलबलानाम संवत्सर, ते साली एका थोर राज्यात जे नवल वर्तले ते जैसे घडले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव कोणी पुसू नये. राज्य ऐसे की बाजारपेठ दीड कोस लांब, आणि एका टोकास उभ्याने हाक मारिली तर दुसऱ्या टोकास पोचेतो तिचा भाव दुप्पट होई. त्या राज्यात हुन्नरी माणसाचा मान मोठा. कोणी अकलेने नवी चीज काढिली तर सरकारातून त्यास सनद मिळे की एकवीस वर्षे ही चीज दुसऱ्याने करू नये. आणि सनदेचा कायदा ऐसा की, धन्याने हुन्नर विकून टाकिला तर त्याची खूण पुसावी, नावनिशाणी राहू नये. आणि विकिला नाही, नुसता वापरण्याचा परवाना दुसऱ्यास दिला, तर परवाना घेणाराने नगोनगी मूळ धन्याची खूण उमटवावी. खूण वस्तूवर कोठे उमटवावी हे मात्र कायदा लिहिणारे विसरले. शहाणे लोक, त्यांस कोण विचारणार?

तर त्या राज्यात सटवोजी तांबट म्हणून एक कारागीर होता. घरी दारिद्र्य, परंतु डोके तेज. त्याने दुबुडी पातेले काढिले. म्हणजे पातेल्यास बुडे दोन, आणि दोन बुडांमध्ये पोकळी, त्यामुळे भात खाली लागेना आणि सकाळी शिजविला तर दिवेलागणीपर्यंत वाफ धरून राहे. खुद्द महाराजांनी संध्याकाळी भातात बोट घातले आणि "आई गं" म्हणून काढून घेतले, आणि सारा दरबार थक्क जाहला, आणि तेथल्या तेथे सनद दिली. मग कारखाना घालावयास लोकांनी हिस्से घेतले. एका हिश्शास पाती म्हणत. पहिल्या तीन पात्या सटवोजीच्या धाकट्या बहिणीने घेतल्या. तिचे नाव म्हाळसाक्का. तिने आईच्या हातच्या चार पाटल्या मनगटावरून काढल्या आणि भावापुढे ठेवून म्हणाली, "दादा, घे. पण पातेल्यावर खूण आपली पाहिजे." आपली खूण म्हणजे चिमणीचा पाय. तीन बोटे पुढे, एक मागे. म्हाळसाक्का सहा वर्षांची असता बापाचा खुणेचा ठसा तिने रागाच्या भरात दगडावर आपटला आणि पुढचे एक बोट तुटून आखूड जाहले. बापाने धपाटा घातला, परंतु नवा ठसा काही केला नाही, आणि सटवोजीनेही तोच मोडका ठसा पुढे चालविला. ऐसी ती खूण, सबंध राज्यात दुसरी नाही.

म्हाळसाक्का कल्हईकरांचे घरी दिलेली. नवरा निंबाजी मऊ स्वभावाचा, तो भाता मारी आणि कल्हई ती स्वतः लावी. नाक सदा लाल, भुवया भाजलेल्या, आणि राग ऐसा की भट्टी विझली तरी ही विझत नसे. अंगणात गावची भांडी पालथी मांडलेली. आता त्या राज्यातील शेटसावकारांची रीत ऐसी की, भांडे पालथे दिसले तर धंदा पालथा होतो. म्हणून त्यांच्या घरची मोलकरीणदेखील भांडी घासून उताणीच ठेवी, आणि शेटलोक कल्हईवाल्याच्या अंगणात पाऊल घालीत नसत. कुंपणापाशी उभे राहून, तोंड वळवून, "म्हाळसाक्का, हंडा जाहला काय?" ऐसे विचारीत. ती म्हणे, "झालाय, या घेऊन जा." ते म्हणत, "आणून दे की." ती म्हणे, "पाय मोडलेत का?" ऐसा नित्य संवाद.

मग जे व्हावयाचे ते जाहले. राज्यात थोरला कारखाना म्हणून एक बलाढ्य पेढी होती. कमळ तिचा शिक्का. तीनशे ठोके एका दमात पडत, आणि धन्याचे दारी हत्ती झुले. त्याने दुबुडी पातेले पाहिले आणि विचारपूस न करिता तैसेच करोन विकावयास लागला. सटवोजी दरबारी उभा राहिला. दावा चालला तो नऊ वर्षे चालला. वकील तरुण होते ते म्हातारे जाहले, एक न्यायाधीश स्वर्गवासी जाहला, दुसरा बहिरा जाहला, आणि पुराव्यास ठेविलेल्या पातेल्यात उंदराने पिले घातली. आणि दसऱ्याचे दुसरे दिवशी अकस्मात दरबाराचे दार उघडले, आणि चोपदाराने पुकारा केला की, "उभयपक्षी तह जाहला. अटी मुखबंद. दंगा करील तो फटके खाईल." इतकेच. उभयतांनी तुळस हाती घेऊन शपथ वाहिली की, तोंडाने सांगणार नाही, हाताने लिहिणार नाही, मान हलवून सुचविणार नाही. मोडील त्याचा हक्क जाईल. सटवोजीने मोडिली तर सनद थोरल्या कारखान्याची. मग तहनामा रेशमी खलित्यात घातला, वर लाखेची मोहोर केली, आणि खलिता पालखीत घालून खजिन्यात नेला. पालखीमागे हजारो लोक चालले. कोणी बोलेना. मुंगीची पावले ऐकू यावी ऐसी शांतता. काय तो थाट, आणि आत काय लिहिले ते ब्रह्मदेवास ठाऊक!

आणि मग बाजार पिसाळला. चिंचेखाली पातीकट्टा म्हणून पात्यांची खरेदीविक्री होत असे, तेथे पहाटेपासोन गर्दी. तर्क ऐसे की ऐकोन माणूस गार पडावा. एक म्हणे, थोरल्या शेटचा हत्ती आज झुलीवाचून निघाला, ते हरले, भाव वर. दुसरा म्हणे, हत्तीस खरूज जाहली आहे, म्हणून झूल नाही, भाव खाली. तिसऱ्याने लाखवाल्यास गाठून काढिले की मोहोरेस अडीच शेर लाख लागली, म्हणजे खलिता जाड, म्हणजे अटी फार, म्हणजे परवाना. चौथा म्हणे, विकणाराच्याच अटी फार असतात, सासर सोडणारीचे गाठोडे मोठे. एक शास्त्रीबोवा सात रात्री गणित करोन सांगते जाहले की दर पातेल्यास पावणेदोन रुके सटवोजीस मिळणार, आणि पाव रुका कशाचा कमी केला हे विचारिले तर डोळे मिटीत. पातीचा भाव शंभराचा तीनशे जाहला, आणि सटवोजी दुपारी दोन वेळा खोकला म्हणून दीडशे जाहला. माणसांची काय ती बुद्धी, काय ती चिकाटी! खोकल्यात एकाने सूर मोजला.

तेव्हा कोणासी आठवले की सटवोजीस एक बहीण आहे. झाले. म्हाळसाक्काचे कुंपण माणसांनी भरले. तिने गूळ घेतला, भाव वर. तिने गूळवाल्यासी भांडण केले, भाव खाली. तिने नुसती जांभई दिली तर दोघे घोडेस्वार कट्ट्याकडे दौडले. ती कुंपणावर धावून गेली आणि म्हणाली, "मेल्यांनो, मला काय माहीत असणार? मला विचारता? दादा मलासुद्धा सांगत नाही!" आणि हे खरे होते, आणि हेच तिचे दुःख. कारण कट्ट्यावर सर्वांत मोठा बोभाटा हा की, सटवोजीने हुन्नरच विकून टाकिला. थोरल्या कारखान्याची नवी पातेली बाजारात आली होती. लोकांनी काठ पाहिले, कान पाहिले, पोट पाहिले, कमळाचा शिक्का तेवढा ठसठशीत, चिमणीचा पाय कोठे नाही. मग म्हणू लागले, खूण पुसली, विकले, नऊ वर्षे भांडून बापाची निशाणी विकून मोकळा जाहला. म्हाळसाक्कास पाटल्यांचे वाईट वाटले नाही ऐसे नाही. परंतु पाटल्या गेल्या तर गेल्या, ती भावाच्या नावासाठी जळत होती.

ती तडक भावाकडे गेली. सटवोजी पाटावर बसून ताक पीत होता. ती म्हणाली, "दादा, एकच सांग. विकलंस का?" त्याने ताकाचा घोट घेतला. "नुसती मान हलव." त्याने दोन्ही हातांनी आपले डोके घट्ट धरिले, न जाणो हलेल म्हणोन. ती म्हणाली, "मी तुझी बहीण की बाजारची कोण?" तो म्हणाला, "ताक घेतेस?" ती म्हणाली, "ताक घाल चुलीत! आईच्या पाटल्या दिल्या तेव्हा तोंड होतं तुला. आता नाही होय?" सटवोजीचे डोळे भरले. ती उठून चालती जाहली, आणि दारातून ओरडली, "भाऊबीजेला नाही आलास तरी चालेल!" मागे चिलटासारखे चिकटून आलेले दोघे दलाल होते, त्यांनी हे ऐकिले, आणि सूर्य मावळावयाचे आत पातीचा भाव साठ जाहला.

हेरंबशेट म्हणोन दलालांचा म्होरक्या होता. गोड बोलणारा, अंगठ्या आठ. तो कुंपणापाशी येऊन तोंड वळवून म्हणाला, "म्हाळसाक्का, बरं आहे ना? तुझ्या तिन्ही पात्या मला दे. साठाने घेतो." ती म्हणाली, "माझ्याकडं बघून बोला." तो म्हणाला, "कसं बघू गं, ती सगळी भांडी उपडी पडलीत. भाऊबीजेचा सूर्य मावळेतो माझा शब्द. पुढं नाही." निंबाजीने भाता सोडून तिला बाजूस घेतले आणि हळूच म्हणाला, "अगं, देऊन टाक. साठ तर साठ. तुझा दादाच पडला मुका, तर आपण कशावर बसायचं?" ती म्हणाली, "भाऊबीजेपर्यंत थांबा." निंबाजी म्हणाला, "तो येईल असं वाटतं तुला? तूच नको म्हणालीस." ती म्हणाली, "मी म्हटलं म्हणून काय झालं? भाऊ आहे की पाहुणा?"

मग भाऊबीजेचा दिवस उगवला. ऐसी गर्दी त्या राज्याने ना राज्याभिषेकास पाहिली ना युद्धास. कारण सर्वांनी ताडले की भाऊ ओवाळणी घालणार, आणि ओवाळणीत तहाची अट उघडी पडणार. सोने घातले तर परवाना, चांदी घातली तर मधला काही सौदा, काहीच न घातले तर सर्वनाश. छपरांवर माणसे, भिंतींवर माणसे, एका आंब्याच्या फांदीवर अकरा सावकार बसले होते आणि फांदी तुटेना, ही देवाची करणी. कुंपणापासोन कट्ट्यापर्यंत निशाणवाले उभे केले, पांढरे निशाण म्हणजे घ्या, काळे म्हणजे विका. हेरंबशेट खुर्ची टाकून तोंड वळवून बसला. अंगणात मात्र कोणी आला नाही. पालथी भांडी होती ना.

ऊन कलले तेव्हा सटवोजी आला. एकटा, पायी, काखेत फडक्यात बांधलेले मोठे काही. म्हाळसाक्का दारात उभी. रागावली होती, परंतु तबक तयार होते, आणि निरांजनात तूप काठोकाठ होते. तिने पाट दिला, कुंकू लाविले, ओवाळिले. मग तबक पुढे धरिले. सटवोजीने तबकात काही घातले नाही. त्याने फडके सोडिले आणि पाटाशेजारी एक पातेले ठेविले. नवे कोरे, दुबुडी. आणि त्याच्या पोटावर कमळ. शत्रूचे कमळ! थोरल्या कारखान्याच्या दुकानातून रोख विकत आणिलेले!

सभोवार "हाय हाय" ऐसा एकच गजर उठला. अकरा सावकारांपैकी चौघे फांदीवरून खाली आले, दोघे आपखुशीने आणि दोघे नाही. म्हाळसाक्काचे तोंड लाल जाहले. ती म्हणाली, "हे काय?" सटवोजी म्हणाला, "कल्हई लाव." ती म्हणाली, "काय?" तो म्हणाला, "कल्हई लाव म्हणतो." ती ओरडली, "नव्या पातेल्याला कल्हई? अरे आत आरशासारखं लखलखतंय! परवाच लावलेली कल्हई आहे ही! माझं तोंड दिसतंय त्यात! भाऊबीजेला ओवाळणी नाही, वर काम देतोस? तेही त्यांच्या भांड्याचं?" तो म्हणाला, "कल्हई लाव गं म्हाळसे. हात चालव, तोंड नको." आणि पाटावर दगडासारखा बसून राहिला, दोन्ही हात मांडीखाली, नजर भिंतीकडे. काळे निशाण वर गेले. मग दुसरे काळे, मग तिसरे, ऐसी काळी निशाणे पेठेपर्यंत कावळ्यांच्या रांगेसारखी उठत गेली, आणि कट्ट्यावर विका विका ऐसा कल्लोळ जाहला.

तेव्हा म्हाळसाक्काचा ताबा सुटला. तिने सांडशीने पातेल्याचा काठ धरिला, डोक्याच्या वर उचलिले, आणि दाणकन अंगणात आपटिले. पालथे. आणि काय सांगावे, पातेले पालथे पडते ऐसे दिसताच त्या हजारो माणसांनी डोळे गच्च मिटिले! हेरंबशेटने तर उपरणे तोंडावरून घेतले. फांदीवरचे, छपरावरचे, निशाणवालेसुद्धा. त्या क्षणी सबंध राज्यात दोन उघडे डोळे होते, आणि ते कल्हईकरणीचे होते. तिने पाहिले. बुडाच्या मधोमध, तांब्यात खोल, चिमणीचा पाय. तीन बोटे पुढे, एक मागे, आणि पुढचे एक बोट आखूड.

ती जागच्या जागी बसली. थोरल्या शेटने खूण उमटविली होती, कायदा पाळिला होता, परंतु मानी माणूस, ती लोकांस दिसू नये म्हणोन बुडाखाली घातली, जेथे चार दिवसांत काजळी धरते आणि जेथे त्या राज्यात कोणी शहाणा पाहत नाही. विकले नव्हते. परवाना होता. बापाचा मोडका ठसा त्या तीनशे ठोक्यांच्या कारखान्यात शिरला होता, आणि त्याचे बोट तोडिले होते ते आपणच, सहा वर्षांच्या हाताने. तिने भावाकडे पाहिले. भाऊ भिंतीकडे पाहत होता, मान ताठ, आणि गालावरून पाणी वाहत होते, परंतु पाणी वाहू नये ऐसे शपथेत नव्हते.

लोकांनी डोळे उघडिले तो म्हाळसाक्काने बूड पदराखाली झाकिले होते. ती म्हणाली, "अहो, भाता मारा." निंबाजी म्हणाला, "अगं, नव्या भांड्याला..." ती म्हणाली, "मारा म्हणते ना!" भट्टी भडकली, पातेले तापले, आणि तिने नवसागर टाकिला तो पांढरा धूर ऐसा उठला की पुढची तीन छपरे दिसेनाशी जाहली. धुरात ती रडली. पोटभर रडली. कुंपणावरचा एक ओरडला, "रडते आहे! बहीण रडते आहे!" आणि भाव बारा जाहला. हेरंबशेट धुरातून खोकत म्हणाला, "म्हाळसाक्का, सूर्य टेकला. आता साठ नाही, बारा देईन. तेही दया म्हणून." ती कथील फिरवीत म्हणाली, "शेटजी, हात कामात आहेत. दिसत नाही का? तोंड वळवल्यावर दिसणार कसं म्हणा!" निंबाजी कळवळून म्हणाला, "अगं, बारा तरी..." ती म्हणाली, "तुम्ही भाता सोडू नका." सूर्य मावळला. पात्या तिच्याच राहिल्या. पातेले पाण्यात बुडविले तेव्हा चर्र ऐसा आवाज जाहला, आणि तिने ते पुसून भावापुढे उताणे ठेविले आणि म्हणाली, "जेवून जा. पुरणपोळी आहे."

पुढे काय जाहले ते थोडक्यात. बाजाराने पात्या मातीमोल टाकिल्या, आणि दुबुडी पातेली घरोघर, छावणीछावणीत, सात प्रांतांत गेली. दर नगामागे सटवोजीच्या कारखान्यास हक्क पोचत राहिला, आणि पुढील चैत्रात म्हाळसाक्काच्या मनगटावर चार पाटल्या आल्या. तिने कोणास काही सांगितले नाही. सहा महिन्यांनी जुनी जाहलेली पातेली कल्हईस येऊ लागली. रोज वीस, रोज तीस. ती काजळी खरवडी आणि प्रत्येकाखाली चिमणीचा पाय निघे. अंगणात मांडली की जणू चिमण्यांचा थवाच्या थवा येऊन गेला ऐसे वाटे. आणि कुंपणापलीकडे शेटलोक तोंड वळवून उभे, आणि तहात काय लिहिले यावर तर्क चालू. शास्त्रीबोवांचे गणित सव्वादोन रुक्यांवर आले होते. त्याच पातेल्यातला ऊन भात जेवून ते गणित करीत.

पुढल्या भाऊबीजेस सटवोजी पुन्हा आला. या खेपेस कुंपणावर कोणी नव्हते. ओवाळून जाहले तेव्हा तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "त्या पातेल्याला कल्हई नीट बसली का गं?" ती म्हणाली, "बसली. पण एक बोट तेवढं आखूड आलंय." तो म्हणाला, "राहू दे. चांगलं दिसतं." इतकेच. तहाविषयी त्या दोघांत जन्मभर याहून जास्त बोलणे जाहले नाही.

तात्पर्य, खलिता अद्याप खजिन्यात आहे, मोहोर अभंग आहे, शपथ अभंग आहे. राज्यातील मोठमोठ्या अकला त्या मोहोरेपुढे हात जोडून उभ्या राहिल्या आणि तेथेच म्हाताऱ्या जाहल्या. जे खलित्यात बंद होते ते रोज चुलीवर चढत होते. लिहिणाराने पाहिले ते लिहिले. वाचणाराने मानावे किंवा न मानावे, घरचे पातेले घरीच आहे.